झडतीआत्याचा कान

माझी आत्या देवळात गेली तरी आधी चष्मा पुसून मूर्तीच्या हातातला मोदक खरा आहे की मातीचा, ते बघायची आणि मग हात जोडायची. हात जोडल्यावरही एक डोळा देवावर आणि दुसरा बाहेर काढलेल्या चपलांवर. "आत्या, निदान देवावर तरी विश्वास ठेव गं," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "देवावर आहे रे. पुजाऱ्यावर नाही." आणि त्याच पुजाऱ्याने ओंजळीत घातलेलं तीर्थ तिने त्याच्यादेखत हुंगून मगच तोंडात घेतलं. त्या दिवसापासून तो पुजारी आत्या दिसली की तांब्या मागे लपवायचा असं लोक सांगतात. मी सांगतो त्यातलं अर्धं खरं असतं. कुठलं अर्धं, ते विचारू नका.

अंधेरी पूर्वेला, मरोळहून आरेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तिचं गॅरेज होतं. खरं तर आतोबांचं. आतोबा गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता गाळा विकून गावी कुडाळला जाईल. पण आत्याला संशय आला, की मेकॅनिक लोक चांगलं ऑइल काढून घेऊन जुनंच परत ओततात. म्हणून ती खुर्ची टाकून बसली. बघता बघता शिकली, शिकता शिकता मेकॅनिकांना शिव्या घालू लागली, आणि शेवटी तिने त्यांच्या हातातला पाना काढूनच घेतला. विश्वासाने उभी राहिलेली दुकानं मी पुष्कळ पाहिली. संशयावर एवढी वर्षं चाललेलं हे एकच.

तिला झडतीआत्या हे नाव पडलं ते डिकीमुळे. गाडी कुठल्याही दुखण्यासाठी येवो, आधी डिकी उघडायची. मुलुंडचे एक गृहस्थ तक्रार घेऊन आले, की गाडीचा पिकअप गेला, चढावर दम लागतो. आत्याने डिकी उघडली. आत सासुरवाडीहून आणलेल्या तांदळाच्या गोण्या, नारळांचं पोतं आणि एक अखंड पाटा-वरवंटा. गृहस्थ म्हणाले, "ते उतरवायचं राहिलं." आत्या म्हणाली, "किती दिवस?" गृहस्थ पोत्याची गाठ आवळू लागले. "गाडीला काही झालेलं नाही. सासूला सांगा, पुढच्या वेळी पार्सल पाठवा." मी हे घाटकोपरला एका लग्नात सांगितलं तेव्हा डिकीत पाट्याऐवजी अख्खी सासूच निघाली होती. गोष्ट प्रवासात थोडी फुगते.

माणसंही ती गाड्यांसारखीच तपासायची. आतोबा तिला बघायला आले होते तेव्हा म्हणे ही पोह्यांची बशी देऊन मागच्या मागे ओसरीवर गेली आणि तिने त्यांच्या चपला उलट्या करून तळवे पाहिले. दोन्ही चपला सारख्या झिजलेल्या. आत येऊन आईच्या कानात सांगितलं, "माणूस सरळ चालतो. चालेल." आतोबा हे ऐकवून ऐकवून हसायचे. ती हसायची नाही. "टायर बघितला की गाडी कळते," म्हणायची, "यात हसण्यासारखं काय?"

पण तिची खरी कीर्ती होती ती कानाची. बॉनेट उघडायच्या आधी ती डोळे मिटून उभी राहायची. इंजिन चालू, आजूबाजूला ट्रक, रिक्षा, समोरच्या कारखान्याची घरघर, आणि त्या सगळ्यातून ती बरोबर सांगायची, "तिसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह सैल आहे." मी तर शपथेवर सांगेन, की ती रस्त्यावरून जाणारी गाडी न बघता सांगायची, की ड्रायव्हर घरून भांडून निघालाय.

या कानामुळे तिच्याकडे घोडेवाले यायचे. घोडेवाले म्हणजे ज्यांना आहे त्या इंजिनातून जास्त हॉर्सपॉवर हवी ते. मालाडचे, बोरिवलीचे, दिंडोशीचे, हातात मोबाइल आणि मोबाइलवर कुणा परदेशी माणसाचा व्हिडिओ. आत्या व्हिडिओकडे बघायचीसुद्धा नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुणाच्या पुढे जायचंय?" माणूस म्हणायचा, तसं काही नाही, आवड आहे, छंद आहे. आत्या पाना पुसत बसायची. थोड्या वेळाने तो कबूल करायचा. कुणाला ऑफिसातल्या मॅनेजरच्या पुढे जायचं असायचं, कुणाला भावाच्या. एकाला तर स्वतःच्या बायकोच्या पुढे जायचं होतं, तिने नुकतीच नवी गाडी घेतली होती.

माझी पाळी आली तेव्हा मीही म्हटलं, "तसं काही नाही गं, आवड."

"पक्या," आत्या म्हणाली, "तुझा तो बोरिवलीकर साडू ना?"

साडूच. गेल्या गणपतीला आम्ही दोघं आपापल्या गाड्या घेऊन कोकणात निघालो होतो. घाटात हा माणूस आपली भलीमोठी डिझेल गाडी घेऊन माझ्या अंगावरून गेला. नुसता गेला नाही. काच खाली केली, हात बाहेर काढला आणि आपण म्हाताऱ्या माणसाला 'सावकाश या' म्हणतो तशी खूण केली. मागच्या सीटवर माझी बायको होती. तिचीच सख्खी बहीण पुढच्या गाडीत, त्यामुळे ती काही बोलली नाही, पण गालात हसली. त्या हसण्याने माझ्या घरात वर्षभर वरण अळणी लागत होतं.

माझी गाडी म्हणजे जुनी सेडान, सेकंडहँड घेतलेली. आधीचा मालक हौशी. त्याने इंजिनाचं हेड घासून घासून पातळ केलेलं, पिस्टन उंच घातलेले. म्हणजे आतल्या हवा-पेट्रोलला चिरडायला जागा कमी, दाब जास्त, आणि दाब जास्त म्हणून ताकद जास्त. हाय कम्प्रेशन. मला वाटायचं, एवढं चांगलं इंजिन आहे तर यात अजून वीस-पंचवीस घोडे सहज घुसतील. टर्बो बसवू, काम फत्ते.

"टर्बो?" आत्या म्हणाली. "शिरा पडो तुझ्या तोंडार! मेल्या, हे आधीच ठासून भरलंय. टर्बो म्हणजे बाहेरून अजून हवा कोंबणार. कुठे?"

मग तिने मला पंगतीचं उदाहरण दिलं. ती सगळ्या घोडेवाल्यांना द्यायची. "हे बघ, पंगत बसलीय. यजमान म्हणाला 'सावकाश होऊ द्या', की जेवायला सुरुवात करायची. तो यजमान म्हणजे प्लगची ठिणगी. त्याच्या शेजारच्याने सुरू केलं, मग पुढच्याने, मग त्याच्या पुढच्याने, अशी ओळीने आग सरकत जाते. चांगलं चाललंय. पण मांडवात माणसं दाबून बसवली, उकडायला लागलं, की काय होतं? कोपऱ्यातला एखादा बाळ्या पाळी यायच्या आधीच पानावर तुटून पडतो. त्याला बघून त्याचा शेजारी. गोंधळ! इंजिनात असा गोंधळ झाला की पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसतो. टिण, टिण, टिण. ऐकायला पैंजणासारखं. आणि त्या पैंजणांनी पिस्टनला भोक पडतं."

"मग घोडे वाढवायचेच नाहीत?"

"टर्बो हवा तर दाब कमी कर, हेड बदल. म्हणजे आधीच्याने मिळवलं ते सोड आणि नव्याने मिळव. नाहीतर दाब ठेव आणि टर्बोचं नाव काढू नकोस. दोन्ही म्हणशील तर भोक."

सायलेन्सर मोकळा करायचा विषय मी काढून पाहिला. ती म्हणाली, "त्याने खिंकाळणं वाढतं. खिंकाळण्यावर घाट चढत नाही कुणी."

शेवटी माझं तोंड बघून तिला दया आली असावी. ठिणगीची वेळ थोडी पुढे घ्यायची, म्हणजे यजमानाने किंचित लवकर सुरुवात करून द्यायची, एवढंच शिल्लक होतं. जुन्या गाडीत हे हाताने होतं. डिस्ट्रिब्युटर नावाचा एक डबा असतो, तो केसभर फिरवायचा. पुढे घेत जावं तसा पिकअप वाढतो, आणि एका जागी टिणटिण सुरू होते. ती ऐकू आली की केसभर मागे यायचं. त्या जागेपलीकडे एक घोडासुद्धा नाही, फक्त भंगार. ती जागा यंत्राने शोधणारे असतील. आत्या कानाने शोधायची. यंत्र कुणीतरी बनवलेलं असतं, म्हणायची, आणि बनवणाऱ्याला आपण ओळखत नाही.

तिची पद्धतही तिचीच. आरेत एक चढ आहे, चढाच्या डाव्या अंगाला जुन्या गोठ्यांची लांबलचक दगडी भिंत. गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवायची, भिंतीला खेटून चढवायची आणि डावी काच खाली. इंजिनाचा आवाज भिंतीवर आपटून सरळ खिडकीत येतो. रस्त्यावर न ऐकू येणारी चोरटी टिणटिणसुद्धा भिंत पकडून देते. आत्या त्या खिडकीत डोकं बाहेर काढून बसायची आणि म्हणायची, "भिंत खोटं बोलत नाही." या दुनियेत तिचा विश्वास असलेली, निदान मला माहीत असलेली, ही एकच वस्तू.

आता एक सांगायला हवं. त्या वर्षी आत्याचा संशय जरा जास्तच वाढला होता. "हल्ली सगळे तोंडात बटाटा धरून बोलतात," ती म्हणायची. "काहीतरी लपवतात." फोनवर बोलणाऱ्याला ती तीन-तीनदा विचारायची, आणि तो वैतागला की म्हणायची, बघ, चोरी पकडली म्हणून चिडला. मोबाइल वाजायचा थांबला म्हणून तिने दोन मोबाइल बदलले. कंपन्या मुद्दाम घंटी बारीक करतात, म्हणजे फोन चुकतो आणि आपण उलटा करतो, असा तिचा सिद्धांत होता. आम्ही घरचे सगळे हसलो. आत्या आहे, संशय घेणारच. सिद्धांत ऐकून मलाही दोन दिवस माझ्या फोनचा संशय आला होता.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी आम्ही त्या चढावर गेलो. मी चालवत होतो, आत्या डावीकडे, खिडकीबाहेर डोकं. पहिली फेरी झाली. "काही नाही," ती म्हणाली. खाली आलो, तिने बॉनेट उघडून डबा केसभर फिरवला. परत वर. गाडी खरंच चपळ झाली होती. मला साडूचा मागचा दिवा दिसायला लागला. परत केसभर. परत वर.

या वेळी मला काहीतरी ऐकू आलं. डब्यात मूठभर वाटाणे हलवावेत तसं. मी आत्याकडे पाहिलं. ती शांत. म्हटलं, आपलीच भीती असेल. हा कान कुणाचा, आपला कान कुणाचा!

"काही नाही," आत्या म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. असा चेहरा मी तिचा कधीच पाहिला नव्हता. "पक्या, हे इंजिन बोलतच नाही रे! आधीच्या मालकानं काहीतरी अजब केलंय. अजून आहे यात. खूप आहे!"

आत्या आणि आनंद! आत्या आणि भरवसा! माझ्याच अंगावर काटा आला. खाली येऊन तिने डबा फिरवला तो केसभर नाही, चांगला नखभर. मी इंजिन बंद करून बाजूला उभा होतो. झाडीतून रातकिड्यांनी कान किटवले होते. श्रावणातली आरे, ढगाळलं की दिवसासुद्धा किरकिर थांबत नाही. आत्या कमरेवर हात ठेवून त्या झाडीकडे बघत म्हणाली, "आधी इथे रातकिडे किती असायचे. मेल्या बिल्डरांनी औषध मारून घालवले सगळे."

माझे कान फुटत होते आणि ती म्हणत होती, घालवले. त्या क्षणी मला बटाटा कळला, मोबाइल कळले, सगळं कळलं. बारीक, उंच आवाज तिच्या कानातून निघून गेले होते. ट्रक ऐकू येत होता, कारखाना ऐकू येत होता. पैंजण नव्हतं ऐकू येत.

"चल," ती म्हणाली. "बस."

बसलो. आता काय करावं? बोललो नाही तर या फेरीला पिस्टन जाणार, गणपतीला एस.टी.ने जावं लागणार, साडू स्टँडवर आम्हाला घ्यायला येणार. आणि बोललो तर आत्याकडे तिचं असं काय उरणार? तिचं गॅरेज त्या कानावर उभं होतं. ती स्वतः त्या कानावर उभी होती. चढ सुरू झाला, मी पाय दाबला आणि भिंत वाजायला लागली. वाटाणे कसले, कुणीतरी पत्र्यावर खिळे ओतत होतं. आत्या खिडकीबाहेर डोकं काढून हसत होती.

मी पाय काढला आणि गाडी कडेला घेतली.

"का थांबलास?"

"आत्या, वाजतंय."

"काय वाजतंय?"

"टिणटिण. मगाचपासून."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की डिकी उघडल्यासारखं वाटलं. "तुला काय कळतं टिणटिण? साडूला घाबरलास तू."

"नाही गं."

"कुणी शिकवलं हे बोलायला?"

"कुणी कशाला शिकवेल? ऐकू येतंय मला."

"आणि मला येत नाही?"

मी बॉनेटचा खटका ओढला. ती उतरली. पदराने हात गुंडाळून तिने गरम इंजिनातला एक प्लग काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि प्लग उजेडात धरला. आतल्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळे-चंदेरी ठिपके होते, मिरपूड भुरभुरावी तसे. ते ठिपके म्हणजे पिस्टनचं उडालेलं ॲल्युमिनियम, हे मला तिनेच कधीतरी शिकवलं होतं. तिने दुसरा प्लग काढला. त्यावरही. मग तिसरा काढलाच नाही.

"पेट्रोल भेसळीचं असेल," ती म्हणाली.

"असेल."

"कुठल्या पंपावर भरलंस?"

"नेहमीच्या."

ती झाडीकडे वळली. मग हळूच, जणू कुणी तिसरं ऐकेल अशा बेताने, म्हणाली, "पक्या, इथे रातकिडे आहेत?"

"आहेत."

"खूप?"

"खूप आहेत, आत्या."

तिने मान डोलावली. प्लग परत बसवले, डबा बराच मागे फिरवला आणि चावी माझ्याकडून घेतली. "तू तिकडे बस. खिडकीत."

आत्या चालवत होती, मी भिंतीकडे डोकं काढून बसलो होतो. चढ लागला. तिने पाय दाबला, समोर बघत विचारलं, "आहे?"

"थोडी."

खाली येऊन केसभर मागे. पुन्हा वर. "आहे?"

"नाही."

मला वाटलं, आता ती प्लग काढणार, चष्मा लावणार, मला खोटं पाडायला काहीतरी शोधणार. तिने बॉनेट उघडलंच नाही. सरळ मरोळच्या रस्त्याला लागली.

माझ्या गाडीला किती घोडे मिळाले म्हणता? खरं सांगायचं तर एक, तोही शिंगरू. साडू त्या वर्षीही घाटात पुढे गेला. मी सगळ्यांना सांगतो की मी त्याला मुद्दाम जाऊ दिलं, आणि साडू सांगतो की त्याला मी दिसलोच नाही.

त्यानंतर आत्याने गॅरेज चालवलं ते माझ्या रविवारांवर. घोडेवाले आठवडाभर थांबायचे, मी आलो की चढावर जायचे. ती चालवायची, मी सांगायचो. कानाच्या डॉक्टरांनी मशीन घ्यायला सांगितलं तेव्हा तिने डॉक्टरच्या सर्टिफिकेटचा फोटो काढून आणला आणि ते खरं आहे का, याची चौकशी केली. ते खरं निघालं. तरीही मशीन घेतलं नाही. म्हणाली, "मशीन जे सांगेल ते मुकाट ऐकावं लागतं. त्याचं तोंड बघता येत नाही. तुझं बघता येतं."

मग गुडघे गेले, आणि ती कुडाळला बहिणीकडे राहायला निघाली. आता ती तिथेही नाही, पण मी सांगतोय ते निघायच्या दिवसाचं. बस सुटायच्या आधी तिने ड्रायव्हरला खाली बोलावून टायर दाखवायला लावले, कंडक्टरला तिकीट पुन्हा वाचायला लावलं आणि शेजारच्या बाईच्या पिशवीत काय आहे ते विचारून घेतलं. सगळी झडती झाल्यावर खिडकीशी बसली. इंजिन सुरू होतं, हॉर्न वाजत होते. मी खालून म्हटलं, "आत्या, नीट जा. काळजी घे."

त्या गदारोळात तिला ऐकू गेलं असणं शक्य नव्हतं. एरवी तिने 'काय? काय म्हणालास? पुन्हा बोल' करून बस थांबवली असती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो रे."

आणि काच लावून घेतली.